धाकटीचे उपास

८ मे १९९५, सोमवार

दिनानाथला आज झापलं. चांगलंच झापलं! मागच्या शेडमध्ये आमच्या अजगरांतल्या धाकटीच्या पिंजऱ्यातलं पाण्याचं घमेलं कोरडं ठणठणीत. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, लूचा गरम वारा चाललेला, आणि हे महाशय पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसून भिंतीकडे बघतायत. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. तीन वर्षं झाली, प्राणिशास्त्र विभागातले प्राणी सांभाळायला आहे, अजून टेम्पररीच, आणि वागणं हे असं. मी म्हटलं, "स्वतःच्या लेकराला ठेवशील का रे असं तहानलेलं?"

तो उठला, घमेलं उचललं, नळावर गेला.

अख्ख्या विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तो मंगळागौरीच्या देवळाजवळच्या भिक्षुकांच्या घरातला, चार पिढ्या काशीतला. मी नवऱ्याच्या, श्रीनिवासच्या, बँकेतल्या बदलीमागून इथे आलेली. बाकीचे मला मॅडम म्हणतात, हा ताई म्हणतो. म्हणूनच जास्त बोलले बहुतेक. आपल्या माणसावर जीभ जरा सैल सुटते.

९ मे

घमेलं काठोकाठ. खिडकीला ओलं पोतंसुद्धा लावलंय. दिनानाथ माझ्याकडे बघत नाही. रागावला असेल. रागावू दे.

१ जुलै, शनिवार

आमच्या मुलींना आज तीन वर्षं पूर्ण!

रामनगरच्या वीटभट्टीवर माती खणताना अजगराची अंडी निघाली होती, ती वनखात्यानं आमच्याकडे आणून दिली. पिल्लं निघाली ती इथेच, माझ्या डोळ्यांदेखत. बाकीची चकियाच्या जंगलात सोडली, दोन माद्या माझ्या पीएच.डी.साठी रीतसर परवानगीनं राहिल्या. तेव्हा दोघी जेमतेम दोन विती. कोण कुठली ते ओळखू यायचं नाही.

आजची मापं. थोरली — नऊ फूट सात इंच, साडेतेरा किलो. उचलायला तीन माणसं लागली. धाकटी — सहा फूट चार इंच, चार किलो दोनशे. तिला मी एकटीनं खांद्यावर घेतलं.

माझा सगळा प्रबंध एका प्रश्नावर उभा आहे. जंगलातली मादी अंडी घालण्याजोगी व्हायला पाच-सहा वर्षं जातात, मग पिंजऱ्यातली तीन-साडेतीन वर्षांतच कशी वयात येते? मी साधं उत्तर धरून चालले होते — आयतं खायला मिळतं म्हणून. पण धाकटीनं घोळ करून ठेवलाय. दोघी एका विणीच्या, दोघींना मंगळवारी आणि शुक्रवारी सारखेच उंदीर. थोरलीला मी देते, कारण पहिल्याच आठवड्यात ती दिनानाथला चावली आणि तेव्हापासून तो तिच्यासमोर उभा राहत नाही. धाकटीला तो देतो. रजिस्टरात ओळीनं लिहिलेलं आहे — खाल्ला, खाल्ला, खाल्ला. तरी ही बाई वाढतेय ती थेट जंगलातल्यांसारखी! चकियात मी खुणा करून मोजलेले अजगर आहेत, त्यातले तीन वर्षांचे सहा-साडेसहा फुटांचेच आहेत.

माझे गाइड सर म्हणाले, "बीमार है, हटाइए." आजारी कुठली! कात वेळेवर टाकते, अंग तेल लावल्यासारखं चकचकतं. मी तिला प्रबंधातून हटवणार नाही. मला वाटतं हे रक्तातच असावं. काही जीव मुळातच सावकाश.

पुढच्या वर्षीचा ३० एप्रिल ही प्रबंध द्यायची शेवटची तारीख. तिसरी मुदतवाढ, याच्यापुढे नोंदणी रद्द. एकोणचाळीस वर्षांच्या बाईला चौथी संधी कोणी देत नाही. सहा वर्षं घातली आहेत मी यात.

२२ ऑगस्ट

पाचवं प्रकरण संपलं! वाढीचा वेग अन्नावर नाही, रक्तावर ठरतो — बावीस पानं. श्रीनिवासला वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेऊन म्हणतो, "म्हणजे माझं पोट वडिलांकडून आलं. मग भातावर तूप वाढायला हरकत नाही." वाढलं. आज काय मागेल ते वाढलं असतं.

२१ सप्टेंबर, गुरुवार

गणपती दूध पितोय म्हणे! सकाळपासून शहर वेडं झालंय. डेअरीवर दुधाचा थेंब नाही, मी शिकवते त्या कॉलेजात पोरी नाहीत, प्राध्यापिकासुद्धा वाट्या घेऊन रांगेत. मी प्राणिशास्त्राची, म्हणून दोघी-तिघींनी मलाच विचारलं. सांगितलं, माझे प्राणी दूध पीत नाहीत.

दिनानाथ दूधविनायकाच्या देवळात जाऊन आलेला. प्यायला का रे गणपती, म्हटलं. "ताई, तो काय घेतो ते मी नाही बघत," म्हणाला. "मी काय देतो तेवढंच बघतो." मला उगीच वाटलं की मला काहीतरी ऐकवलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार. संकष्टी

आल्या आल्या लिहिते.

कॉलेजातून परस्पर दूधविनायकाला गेले. तिथल्या शरदिनीकाकू महिन्यातून एकदा मला हक्कानं बोलावतात. त्यांचं घर देवळाच्या गल्लीतच आहे. गल्लीत घोळका. बायका वाकून वाकून बघताहेत, मोदकाचे तुकडे टाकताहेत. काकूंनी हात धरून पुढे नेलं. "बघ तरी! दूध प्यायल्यापासून स्वतःचं वाहन धाडलंय त्यानं. पांढरंशुभ्र! आणि शेपटीला टिळा आहे, जांभळा."

पांढरा उंदीर. पायरीच्या फटीत बसून मोदक खात होता. शेपटीच्या बुडाशी जांभळा ठिपका.

तो ठिपका मी लावते! खायला द्यायचे उंदीर आदल्या दिवशी वजन करून वेगळे काढते तेव्हा खूण म्हणून काडीनं जांभळं औषध लावते. माझ्या हातचा ठिपका मी ओळखणार नाही?

काकू म्हणाल्या, पूर्वीही दिसायचे अधूनमधून, मांजरं धरायची. आता लोकांचं लक्ष गेलं एवढंच. मंगळवारी मात्र हमखास दिसतात.

मंगळवारी.

मी नमस्कारसुद्धा न करता परत आले.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

त्यानं लपवलं नाही. मी ठिपक्याचं सांगितल्यावर डोकं खाली घातलं आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याला बरंच वाटत होतं की काय कोण जाणे!

मंगळवार गणपतीचा. तो सकाळी दूधविनायकाला जातो, संध्याकाळी घरी अथर्वशीर्ष म्हणतो. "आणि मधे दुपारी त्याचंच वाहन अजगराच्या तोंडात देऊ? ताई, हात उठायचा नाही." पहिल्या मंगळवारी उंदीर पिशवीत घालून नेला आणि देवळाजवळ सोडला. मग दर मंगळवारी. मग दोन्ही चतुर्थ्या. मग शुक्रवारी एकादशी आली तर तीही. पितृपक्ष, नवरात्र. रजिस्टरात लिहायचं — खाल्ला.

सगळ्यांना सांगता आलं असतं की! म्हणाला, सांगितलं असतं तर दुसरा माणूस ठेवला असता. हे काम सोडून घरी काय खायचं? भिक्षुकी आता मोठ्या भावाकडे आहे.

मी विचारलं, किती वेळा खोटं लिहिलंस? "जितके मंगळवार, तितके." आणि धाकटी उपाशी राहते ते दिसत नव्हतं का तुला? तर म्हणे दिसायचं. म्हणून त्या दिवशी तिच्यासमोर थोडा वेळ बसायचा, त्याचाही उपासच असायचा.

म्हणजे दोघं उपाशी समोरासमोर बसायचे, आणि मी बावीस पानं लिहिली!

१४ ऑक्टोबर

पाचवं प्रकरण फाडलं. विभागप्रमुखांच्या नावे तक्रारीचा अर्ज लिहिला. पर्समध्ये ठेवला. तीन वर्षांची सगळी मापं केरात गेली.

श्रीनिवास म्हणाला, अर्ज दिवाळीनंतर दे, सणासुदीला कोणाच्या पोटावर पाय नको. मी त्याच्यावरही ओरडले.

२१ ऑक्टोबर, शनिवार

चकल्या तळत होते. दार वाजलं, तर दिनानाथ, हातात कापडी पिशवी. त्याला आत ये म्हणायचीही इच्छा नव्हती, तेलाकडे बघून म्हटलं.

पिशवीत चार वर्षांची पंचांगं. कडा झिजलेल्या, हळदीकुंकवाचे डाग. जमिनीवर बसला, एक उघडलं. म्हणाला, "ताई, मी मर्जीनं एकही दिवस नाही टाळला. तिथी बघूनच टाळला. आणि टाळला की इथे पेन्सिलनं तीळ काढायचो, पापाचा हिसाब राहावा म्हणून. तुमचं रजिस्टर झूठ आहे. हे खरं आहे."

चकल्या करपल्या.

पानोपान बारीक तीळ. प्रत्येक मंगळवारी, प्रत्येक चतुर्थीला. आम्ही दुपारभर बसून ते एका वहीत उतरवले. श्रीनिवासनं चहा केला. तीनशे तीस वेळा खायला द्यायचं होतं, त्यातल्या दोनशे एक वेळा धाकटी उपाशी राहिली. जाताना त्याला चकल्यांचा डबा दिला, न करपलेल्या वेचून. तक्रारीचा अर्ज पर्समध्येच आहे.

५ नोव्हेंबर, रविवार

देवा! आलेख काढला. एकदा काढला, पटेना, परत काढला.

थोरलीची रेघ वर चढत गेलेली. धाकटीची रेघ चकियातल्या अजगरांच्या रेघेवर जाऊन बसते. थेट बसते! जंगलातला अजगर जितक्या वेळा उपाशी राहतो साधारण तितक्याच वेळा दिनानाथच्या देवांनी धाकटीला उपाशी ठेवलं. आई एक, वीण एक, छप्पर एक, फरक फक्त पोटाचा. मी ठरवून असा प्रयोग केला असता तर मला जमला नसता. धाडसच झालं नसतं.

रक्त नाही. अन्न. सुरुवातीचं माझं साधं उत्तरच खरं होतं. स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. मग थोडं रडले.

८ नोव्हेंबर

सर खूश. म्हणाले, लिहून टाका की धाकटीचा अर्धा खुराक पहिल्यापासून ठरवलेला होता. कोणाला कळणार आहे? एक वाक्य! आणि सगळं स्वच्छ होतं.

खरं लिहिलं तर खोट्या रजिस्टराचं लिहावं लागतं. मग दिनानाथचं काय? टेम्पररीला काढायला अर्धा कागद पुरतो. त्याच्यासाठी म्हणून खोटं लिहावं, असंही मन म्हणतं. मन फार सोयीचं बोलतं.

१० नोव्हेंबर

शेवटी त्यालाच विचारलं. शेड झाडत होता. झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाला, "ताई, झूठ मी लिहिलं तेवढं बस झालं. आता तुम्ही नका लिहू."

तक्रारीचा अर्ज पर्समधून काढला आणि चुलीत, म्हणजे गॅसवर, जाळला.

२७ नोव्हेंबर, सोमवार

खरं लिहिलं. सेवकानं स्वतःच्या व्रतानुसार अन्न दिलं, रजिस्टर चुकीचं होतं, पंचांगावरून दुरुस्त केलं, आणि तीन वर्षं माझ्या ते लक्षात आलं नाही हा दोष माझा. हे शेवटचं वाक्य लिहायला सकाळ गेली.

विभागप्रमुखांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. खूप बोलले. पण मी दोष स्वतःकडे घेतल्यावर त्यांचाही नाइलाज झाला. दिनानाथची रवानगी वनस्पतीशास्त्राच्या बागेत, टेम्पररी तसाच टेम्पररी. जाताना चेहऱ्यावर असा आनंद, जसं काही प्रमोशन मिळालं! झाडांना पाणीच घालायचं, म्हणाला, कोणाला काही मारून द्यायचं नाही.

आता दोघींना मीच देते. धाकटी मंगळवारी उंदराकडे आधी बघतच राहिली. मग खाल्ला.

१८ जानेवारी १९९६

बाहेरून मोठा नर आणला, महिनाभराच्या बोलीवर. आधी धाकटीच्या पिंजऱ्यात सोडला. त्यानं तिला ओलांडलं आणि कोपऱ्यात जाऊन झोपला. वय तेच, पण तिची वेळ नाही आलेली. दुपारी थोरलीकडे सोडला. तिथे सांगावं लागलं नाही.

४ एप्रिल, गुरुवार

चोवीस अंडी! वय तीन वर्षं नऊ महिने. जंगलात असती तर अजून दोन वर्षं तरी लागली असती.

थोरली अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलीय आणि सगळ्या अंगानं बारीक बारीक थरथरतेय. थंडीनं नाही, अंड्यांना ऊब द्यायला. पुस्तकात शंभरदा वाचलेलं. समोर आज पहिल्यांदाच बघितलं.

बागेत निरोप धाडला. दिनानाथ आला, हाताला माती. इतकी वर्षं तिच्यासमोर उभा न राहिलेला माणूस आज जाळीला नाक लावून उभा. विचारलं, किती दिवस बसणार? म्हटलं, दोन महिने. आणि खाणं? काही नाही, पिल्लं निघेपर्यंत उठायची नाही.

"म्हणजे हिचापण उपास," म्हणाला. हात जोडले. मग बराच वेळ परत गेला नाही. मी पेपर तपासले, वर बघितलं, तरी तिथेच. शेवटी मीच म्हटलं, अरे, झाडं वाळतील तुझी. तेव्हा हलला.

१८ एप्रिल, गुरुवार

टायपिंग संपत आलं. सरांनी ऐनवेळी काढलं की परिशिष्टात उपासाच्या दोनशे एक तारखांपुढे प्रत्येकीचं कारण हवं. पंचांग घेऊन बसले. मंगळवार. मंगळवार. संकष्टी. मंगळवार. एकादशी. कंटाळवाणं, पण सरळ काम.

दोनच तारखा अडल्या. ५ मे आणि १२ मे १९९५. दोन्ही शुक्रवार. चतुर्थी नाही, एकादशी नाही, काही म्हणजे काही नाही. दिनानाथचे तीळ मात्र आहेत. चुकून काढले असतील. उद्या विचारते आणि खोडते.

१९ एप्रिल १९९६, शुक्रवार

चूक नाही.

गुलाबाचे वाफे खुरपत होता. तारखा वाचून दाखवल्या. खुरपं थांबलं. म्हणाला, "सुतक होतं, ताई." कोणाचं? "कस्तुरी. माझी मुलगी. चार मेला गेली. सहाची होती. बुखार डोक्यात गेला. लहान होती, जाळत नाहीत, गंगेलाच दिली."

रजा का नाही घेतलीस, कोणाला सांगितलं का नाहीस? सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं, म्हणाला, आणि घरात बसवत नव्हतं. शेडमध्ये धाकटीसमोर बरं वाटायचं. पण त्या दहा दिवसांत तिला खायला नाही देऊ शकला. मग मी काही विचारलं नसताना म्हणाला, "शेवटी पाणी पाणी करत होती."

घरी आले. परिशिष्टात दोन तारखांपुढे लिहिलं — सुतक. मग या वहीचं मागचं पान काढलं. चार मेनंतर चौथा दिवस. ८ मे, सोमवार. काळ्या शाईत, माझ्याच अक्षरात: स्वतःच्या लेकराला ठेवशील का रे असं तहानलेलं?